बाबांची गाडी, आईची वॉरंटी

आमचं वर्ध्यात शेतीच्या मोटरपंपांचं दुकान होतं. विहिरीतल्या मोटारीचं बाबांना सगळं कळायचं. शेतकऱ्यानं फोन मोटारीजवळ धरला की आवाजावरून ते सांगायचे, बेअरिंग गेलं आहे का मोटर पाण्याऐवजी हवा ओढते आहे. रस्त्यावरच्या मोटारीतलं मात्र त्यांना फारसं कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. एक जुनीपुराणी गाडी होती. तिच्या टपावर पाइप बांधून ते आंजीला शेतावर जायचे. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा ती गाडी आंजीच्या रस्त्यावर जी बसली ती उठलीच नाही.

मग दुसरी घ्यायची ठरलं. दुसरी म्हणजे कोणीतरी वापरलेलीच.

"नवी गाडी शोरूमच्या भाईर निघाली का जुनीच होते," बाबा म्हणाले. "मंग आधीच जुनी काऊन नाई घ्यायची?"

एका सोमवारी दुकान बंद ठेवून आम्ही तिघं नागपूरला गेलो. मी तेव्हा बीकॉम करून बाबांच्या दुकानात बसत होते आणि गाडी चालवायला शिकले होते, म्हणून मी. आई का आली, ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. तिची धाकटी बहीण नागपुरात राहायची. वर्धा-नागपूर दीड-दोन तासांचं अंतर, पण दुकान सांभाळणाऱ्या घरात ते अंतर फार मोठं होतं. लग्न, बारसं किंवा तेरवी असल्याशिवाय आईचं तिकडे जाणं व्हायचं नाही. त्या दिवशीही बाबांनी बसमध्येच सांगून टाकलं होतं, "गाडी पायली का वापस. बहिणीकडे आज नाई."

आई खिडकीबाहेर पाहत राहिली.

जुन्या गाड्या विकणाऱ्याचं मोठं आवार होतं. बाबांनी अर्ध्या तासात एक पांढरी, शहाणी, डिझेलवर चालणारी गाडी पसंत केली. तिच्यातून फेरफटका मारायचा होता, पण तिच्या वाटेत एक लाल गाडी उभी होती. टाय लावलेल्या विक्रेत्या मुलानं लाल गाडी बाजूला घ्यायला तिची चावी फिरवली.

बाबा जागच्या जागी थांबले. मान तिरपी केली. विहिरीच्या काठावर उभे राहून ऐकायचे तसे ऐकू लागले.

"आवाज आयक," ते मला म्हणाले. "एका लयीत हाये. काईच खरखर नाई."

गाडी बुटकी होती. चाकं जाड, मागे डिकीवर माशाच्या पंखासारखं काहीतरी बसवलेलं. आई म्हणाली, "माय बाई! हे तर जमिनीले टेकली हाये. याच्यातून उतरतांनी मले दोघाइनं ओढा लागन."

"हे कोणती व्हय?" बाबांनी विचारलं.

मुलगा हसला. "काकाजी, ही तुमच्यासाठी नाही. ही पळवायची गाडी आहे. कॉलेजची पोरं घेतात."

हे वाक्य तो बोलला नसता तर आम्ही पांढऱ्या गाडीत बसून परत आलो असतो. बाबांनी मिशीवरून एकदा हात फिरवला. मी घरची असल्यामुळे मला त्याचा अर्थ कळला. पुढच्या तासाभरात लाल गाडी आमची झाली होती.

आता प्रश्न उरला वॉरंटीचा. मुलानं दोन गुळगुळीत कागद काढले. पहिली वॉरंटी एक वर्षाची, फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती. दुसरी दोन वर्षांची, जवळजवळ सगळ्या गाडीची, पण महाग.

"तिसरी कोणती?" बाबांनी विचारलं.

"तिसरी नाही काकाजी."

"हाये ना. काईच नाई घ्याची, हे तिसरी." बाबा खुर्चीत मागे रेलले. आता ते स्वतःच्या धंद्यावर बोलणार होते. "बेटा, मी तीस वर्षं झाले वॉरंटी देऊन राह्यलो. मोटर जळली मनून कास्तकार येते. आमी मनतो, व्होल्टेज कमी असंल, हे वॉरंटीत नाई येत. व्होल्टेज बरोबर असंल तर मनतो, केबल पतली हाये. केबल बरोबर असंल तर मनतो, खोलली कोणं? वॉरंटी देणाराले मी आतून ओळखतो."

मुलानं पाण्याचे ग्लास मागवले. एवढ्यात आईनं, जी तोपर्यंत आवारातल्या कुंड्या पाहत होती, महागडा कागद पुढे ओढला.

"यात काय अटी हायेत?"

"काही खास नाही काकू. शर्यतीत चालवायची नाही. इंजिनात बदल करायचे नाहीत. आणि दर तीन महिन्यांनी गाडी इथे आमच्या वर्कशॉपमध्ये तपासायला आणायची. एक तपासणी चुकली की वॉरंटी रद्द."

"इथं मंजे नागपूरले?"

"हो, नागपूरलाच."

"किती वेळ लागते तपासाले?"

मुलाला वाटलं, काकूंना त्रासाची चिंता आहे. तो अपराधी आवाजात म्हणाला, "सकाळी आणलीत तर संध्याकाळ होते."

"आन् चुकली तर रद्द?"

"रद्द, काकू. त्याला माझा इलाज नाही."

आईनं कागद बाबांसमोर ठेवला. "अजी, हेच घ्या."

"कायले?"

"तुमी रस्त्यावर अडकले तं कोण येईन? सगळ्या गाडीची हाये. लेकरू बसते गाडीत." लेकरू म्हणजे मी, बावीस वर्षांची. "जिवापेक्षा जास्त हाये का?"

या युक्तिवादापुढे बाबांची तीस वर्षं कामाला आली नाहीत. ते सही करत होते तेव्हा मी आईकडे पाहिलं. ती पुन्हा कुंड्या पाहत होती, पण तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. परत येताना बुटीबोरीच्या पुढे आलो, तशी ती मागच्या सीटवरून हळूच मला म्हणाली, "घरी गेल्यावर मावशीले फोन लावून देजो."

त्या फोनवर दोघी बहिणी कितीतरी वेळ हसत होत्या. दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी, सकाळ ते संध्याकाळ. आणि चुकवायची सोय नाही!

पहिल्या तपासणीची तारीख आली तेव्हा बाबा कुरकुरले. "सीझन हाये. पुढच्या महिन्यात नेऊ."

"रद्द होईन मनते तो पोरगा," आई शांतपणे म्हणाली. "एवढे पैसे भरले."

ती सकाळी पाचला उठून आंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून, मावशीसाठी घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन तयार होती. गाडी तपासायला द्यायला एवढं नटून जाणारी बाई वर्कशॉपवाल्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. मावशी वर्कशॉपच्या फाटकाशीच उभी असायची. आम्ही तिघी मग सीताबर्डीला, नाहीतर इतवारीत. साड्या उलटसुलट करून पाहायच्या, एकही न घेता उठायचं, तर्री-पोहे खायचे आणि मावशीच्या घरी जाऊन पंख्याखाली लोळायचं. संध्याकाळी वर्कशॉपला पोचलो की आई दमल्याचा चेहरा करायची.

बाबांची दया यायची, पण थोडेच दिवस. वर्कशॉपमध्ये काचेची एक थंडगार खोली होती. तिथे बुटक्या, जोरदार गाड्यांचे मालक बसायचे, सगळे पोरसवदा. त्यांच्यात पांढरा पायजमा-सदरा घालून बसलेले बाबा. दुसऱ्या खेपेला आम्ही परत आलो तर पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसली होती आणि बाबा त्यांना सबमर्सिबल मोटर कशी बुडते ते हातवारे करून समजावत होते. एक जण म्हणाला, "काकाजी, मानलं तुम्हाला. या वयात ही गाडी!" बाबांनी मिशीवरून हात फिरवला.

त्या पोरांना माहीत नव्हतं, की काकाजी ही गाडी ताशी चाळीसनं चालवतात.

चाळीस ही बाबांची गती होती. रस्ता कसाही असो, मोकळा असो वा गर्दीचा. शिवाय त्यांचा एक पक्का समज होता, की गाडी लवकरात लवकर वरच्या गिअरमध्ये टाकली म्हणजे पेट्रोल वाचतं. त्यामुळे घराच्या कोपऱ्यावर वळायच्या आत चौथा पडायचा. गाडी थरथरायची, घशात काहीतरी अडकल्यासारखी गुरगुरायची, आणि बाबा म्हणायचे, "काय आवाज हाये!" आंजीच्या रस्त्यावर आम्हाला सगळे मागे टाकत. ट्रॅक्टर टाकत. एकदा एक दूधवाला सायकलनं पुढे गेला आणि जाताना वळून गाडीकडे कौतुकानं पाहत गेला.

वर्षभर असं चाललं. मग एका सकाळी आंजीच्या अलीकडेच गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. समोर पिवळा दिवा लागला. बाबांनी उतरून बॉनेट उघडलं, कान लावला आणि पहिल्यांदाच त्यांना आवाजातून काही कळलं नाही. दोरीनं ओढत गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी वॉरंटीवाल्यांच्या टोचन गाडीवर बसून नागपूरला गेली. मागोमाग आम्ही बसनं.

वर्कशॉपचे साहेब चष्मा लावणारे, चाळिशीचे गृहस्थ होते. त्यांनी बाबांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काकाजी, खरं सांगा. कुठे शर्यत लावली होती का?"

बाबांचा चेहरा जो खुलला! साठीला आलेल्या, पंप विकणाऱ्या माणसावर कोणीतरी शर्यतीचा संशय घेतला होता. ते लगेच नाही म्हणेनात. "आता... तसं मनलं तं..." असं काहीतरी पुटपुटून ते छताकडे पाहू लागले.

आई पुढे सरसावली. शर्यत म्हटलं की वॉरंटी संपली, आणि वॉरंटी संपली की नागपूर संपलं. तिनं बाबांच्या दंडाला असा चिमटा काढला की ते हललेच.

"अजी, सांगा ना, चाळीसच्या वर नाई नेली मनून!"

"चारचौघात काऊन सांगून राह्यली?" बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"मंग काय शर्यत लावली मनता?"

साहेब एकदा आईकडे, एकदा बाबांकडे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "असं करू. ही कशीबशी चालते आहे. काकाजी, तुम्ही रोज चालवता तशी चालवून दाखवा."

साहेब पुढे बसले, आई आणि मी मागे. बाबांनी फाटकाबाहेर येताच दुसरा टाकला, पानठेल्यापाशी तिसरा आणि कडुनिंबाच्या झाडाखाली चौथा. गाडी आचके देत, कण्हत निघाली. मागून हॉर्नवर हॉर्न. एक रिक्षावाला शेजारी आला, आत डोकावला आणि विचारलं, "काका, धक्का मारू का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नेहमी अशीच चालवता?"

"नाई," बाबा म्हणाले. मला वाटलं, आता थाप मारतात. "आज गर्दी हाये. नाईतर एवढी जोरात नाई चालवत."

परतल्यावर साहेबांनी आम्हाला खोलीत बसवून समजावलं. ही गाडी जोरात पळण्यासाठी बनवलेली. तिला वर्षभर कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये रखडवल्यानं इंजिनात काजळी धरली, प्लग काळे झाले, धूर मोजणारा सेन्सर गेला. "हा बिघाड नाही, काकाजी. ही वापरण्यातली चूक आहे. हे वॉरंटीत येत नाही."

बाबा एकदम मोठ्यानं हसले. साहेब दचकले.

"हे वाक्य तं माझं हाये!" बाबा म्हणाले. "तीस वर्षं झाले, मी मनतो हे. आता मले सांगा, तुमच्या जागी मी असतो तं पुढचं वाक्य काय असतं? 'वरून इचारून पायतो.' मना."

साहेबांना खरंच तेच म्हणायचं होतं. तेवढ्यात आई बोलली. वॉरंटीचं पुस्तक तिनं माझ्याकडून मराठी करून घेत, भाजी निवडता निवडता, पहिल्याच आठवड्यात ऐकून ठेवलं होतं. एकही तपासणी चुकू नये, एवढाच तिचा त्यामागचा हेतू होता.

"साहेब, तुमच्या पुस्तकात लिवलं हाये, शर्यत लावू नका, लै जोरात दामटू नका. आमच्या यायनं तेच आयकलं. पुस्तक वाचून कोणं एवढं आयकलं असंल तं दाखवा मले. हळू चालवू नका, असं कुठी लिवलं हाये?"

साहेबांनी पुस्तक उघडलं, पानं उलटली, मिटलं. मग त्यांनी वॉरंटी कंपनीला फोन लावला. बराच वेळ ते हळू आवाजात बोलत होते. "नाही सर, फास्ट नाही. स्लो. स्लो, सर." पलीकडून हसण्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. शेवटी तोड निघाली. सेन्सर आणि प्लग कंपनी देणार, काजळी काढण्याचं काम वर्कशॉप फुकट करणार. पण एका अटीवर. आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर जोरात पळवायची, म्हणजे तिचा घसा मोकळा राहील.

"मले नाई जमत," बाबांनी सरळ सांगितलं. "चाळीसच्या वर माह्या पायच नाई दाबल्या जात."

"मग घरात दुसरं कोण चालवतं?"

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला आईबापांनी बसवून, गाडी जोरात चालव, असं सांगितल्याचं उदाहरण आमच्या गल्लीत तरी दुसरं नव्हतं. दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. वर्ध्याहून जामपर्यंत जरा बेतानं, तिथून हैदराबादच्या मोठ्या रस्त्यावर थोडं अंतर पळवायची, मग मागे वळून समुद्रपूरवरून गिरडला. टेकडीवरच्या दर्ग्यात दर्शन घ्यायचं, झाडाखाली बसून डब्यातलं खायचं आणि परत. मोठ्या रस्त्यावर मी पाय दाबला की गाडीचा आवाजच बदलायचा. गुरगुर जायची आणि एक स्वच्छ, लांबलचक सूर लागायचा. माझ्या अंगावर काटा यायचा. बाबा शेजारी डोळे मिटून बसायचे. दोन्ही पाय समोर रोवलेले, नसलेला ब्रेक दाबत. त्यांच्या बाजूच्या पायपुसण्याला टाचेखाली झिजून भोक पडलं.

"आवाज कसा हाये, बाबा?"

"चांगला हाये. बेटा, चांगला आवाज कमी स्पीडनं नाई काढता येत काय?"

मागून आई म्हणायची, "बोलू नका तिच्यासंगं. औषध देऊन राह्यली ते."

शेजारच्या काकूंनी एकदा आईला हटकलंच. "तुमची पोरगी लै जोरात चालवते मनते गाडी. चांगलं नाई दिसत बाई. उद्या पाहुणे येतील पायाले."

"काय करता," आई सुस्कारा टाकून म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं हाये."

काकूंनी कोणत्या डॉक्टरनं, कोणाला, ते विचारलं नाही. पण त्यानंतर त्या माझ्याकडे जरा काळजीनं पाहायच्या, आणि एकदा उकडलेल्या बिटाची वाटी घेऊन आल्या.

आणि मग, वॉरंटीचं दुसरं वर्ष अर्धं सरलं असताना, मावशीनं बातमी दिली. काका, म्हणजे तिचे यजमान, निवृत्त होत होते. नागपूरचं भाड्याचं घर सोडून त्यांनी पिपरी मेघेत घर घेतलं होतं. आमच्या दारापासून पायी गेलं तरी घाम यायच्या आत पोचावं, इतकं जवळ.

बाबांना मनापासून आनंद झाला. "चला, आता तुले रोज बहीण भेटंन," ते आईला म्हणाले. आईनं वॉरंटी बहिणीसाठी घेतली होती, हे त्यांना कधी कळलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. आई आनंदलीही आणि जरा खट्टूही झाली. इतक्या मेहनतीनं मिळवलेलं नागपूर हातचं जाणार होतं.

पण पुढच्या तपासणीच्या सकाळी पाच वाजता दारावर थाप पडली. मावशी उभी होती, ठेवणीतल्या साडीत, हातात पाण्याची बाटली.

"तू कुठी चालली?" बाबांनी विचारलं.

"भाऊजी, वॉरंटी हाये ना आज?" मावशी म्हणाली आणि जाऊन गाडीत मागे बसली.

आता दोघी बहिणी मागे बसून जायच्या. मी चालवायची, बाबा शेजारी डोळे मिटून. मावशीला वेगाचा नाद आईपेक्षा मोठा निघाला. कोणी आम्हाला मागे टाकलं की ती माझ्या खांद्यावर टिचकी मारायची. "पाय त्याले. गेला ना पुढं. आपली औषधाची गाडी हाये, सोडू नको." नागपूरला पोचून तपासणीला गाडी दिली की त्या सीताबर्डीच्या दिशेनं निघायच्या आणि बाबा काचेच्या खोलीत आपल्या पोरांमध्ये जाऊन बसायचे. पोरं आता त्यांची वाट पाहायची. एकानं तर आपल्या शेतासाठी मोटर घेतली, आमच्याच दुकानातून, वॉरंटीसकट.

दोन वर्षं संपली. आईनं वॉरंटी वाढवून मागितली. साहेब म्हणाले, गाडीचं वय झालं, आता वाढवता येत नाही. आई एवढी रुसली की निघताना तिनं त्यांचा चहाही घेतला नाही. वॉरंटी नाही म्हटल्यावर बाबांनाही धीर होईना. त्यातच माझं लग्न ठरलं आणि औषध देणारीच घरातून जाणार म्हटल्यावर त्यांनी गाडी विकायला काढली.

हिंगणघाटचा एक तरुण बघायला आला. गॉगल, केसांना तेल नाही. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, चाकांना हात लावला, बॉनेट उघडलं, सुरू करून आवाज ऐकला. आवाज स्वच्छ होता, एका लयीत.

"इंजिन तर मस्त ठेवलंय काका," तो म्हणाला. "किती पळवली? खरं खरं सांगा."

"मी?" बाबा अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "मी चाळीसच्या वर कधीच नाई नेली."

तो तरुण हसत सुटला. त्यानं मला डोळ्यांनीच खुणावलं, की सगळे विकणारे असंच सांगतात. मग त्यानं बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बरं बरं काका, चाळीस तर चाळीस."

बाबा दुखावले. देवाशपथ खरं आहे, असं ते त्याला परत परत सांगू लागले आणि तो आणखीच हसू लागला. पायरीवर आई आणि मावशी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दोघींनी माना खाली घातल्या. घरात दुसरं कोणी गाडी चालवतं का, हे त्यानं विचारलं नाही, आणि आम्हीही मग आत जाऊन त्याच्यासाठी चहा ठेवला.